तीन ठोक्यांचा डबा

माती विकणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. आधी, "मातीलासुद्धा पैसे?" आणि मग, "एवढे?" पहिल्या प्रश्नावर काका आयुष्यभर हसत आले. दुसरा कुणी विचारूच नये म्हणून त्यांनी भाव वाढवणंच सोडून दिलं. फाटकाशेजारच्या काळ्या फळ्यावर सात वर्षं एकच ओळ होती: चाळलेली माती, खत मिसळून, डब्याला तीस. खडू पुसट झाला की काका तोच आकडा पुन्हा गिरवायचे, आणि इतकं मन लावून गिरवायचे की बघणाऱ्याला वाटावं, आज काहीतरी नवीन लिहितायत.

त्यांना सगळे मातीवाले काका म्हणत, म्हणून त्यांची बायको मातीवाल्या काकू. गोष्ट या काकूंची आहे. पन्नाशी ओलांडेपर्यंत त्यांनी गिऱ्हाइकाला स्वतःच्या तोंडाने एकदाही भाव सांगितला नव्हता आणि तो सांगायची पाळी आली ती नेमकी सगळं पणाला लागलेलं असताना.

मातीची वखार म्हणजे गॅरेज आणि लाकडाची गिरणी यांच्या मधली एक चिंचोळी, लांबट जागा. पुढे फाटक, फळा आणि माप भरायची फरशी. फरशीला लागूनच यांची राहायची खोली आणि खोलीची खिडकी बरोबर फरशीवर उघडणारी. मागे चाळण्या, आणि अगदी शेवटी भिंतीला टेकून खताचे चार ढीग. इमारतीचा पाया खणण्याआधी वरची हातभर सुपीक माती काढतात, ती ट्रॉलीने इथे यायची. ती वाळवायची, ढेकळं फोडायची, आधी तिरक्या जाळीवर फावड्याने भिरकावायची आणि मग साखळ्यांना टांगलेल्या बारीक चाळणीतून काढायची. चाळणीवर दोघी बायका कामाला होत्या. जाळीवर मागे राहायचे ते दगड, मुळं, काचा, बाटल्यांची झाकणं. एकदा एक चांगला स्टीलचा चमचा निघाला, तो अजून काकूंच्या मिठाच्या बरणीत आहे.

खत काकूंच्या हातचं. भाजीबाजारातला पाला, गोठ्यातलं शेण, सुकी पानं असे थरावर थर रचायचे, दर पंधरा दिवसांनी ढीग उलटायचा आणि चार महिने धीर धरायचा. ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि ओढून काढून मनगटाला लावायची. चटका बसला तर खत अजून कच्चं. कच्चं खत घातलं की रोप चार दिवसांत मान टाकतं आणि मग शिव्या माळी खातो. काकूंच्या मनगटावर जुन्या चटक्यांची एक ओळच होती, आणि बांगड्यांपेक्षा त्यांना तिचाच तोरा जास्त.

माप मात्र काकांचं. पत्र्याचा चौकोनी डबा काठोकाठ भरायचा, तीनदा खाली आपटायचा, माती बसली की वर पुन्हा भर घालून काठावर उंच शीग लावायची. ताजी चाळलेली माती फुललेली असते. नुसती भरली तर डबा भरलेला दिसतो आणि घरी जाईपर्यंत चांगला खाली बसतो. "गिऱ्हाइकाला माती विकायची, हवा नाही," असं काका म्हणायचे. तीन ठोके आणि वर शीग, एवढ्यावर त्यांचं नाव चाललं होतं. डब्याचं बूड चेपू नये म्हणून फरशीवर एक जाडजूड गोणपाट अंथरलेलं असायचं.

तीन महिन्यांपूर्वी ट्रॉलीवरून पाय घसरला आणि काकांच्या खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ते खाटेवर. पडल्या पडल्या त्यांना खिडकीतून आभाळाचा एक तुकडा आणि गॅरेजच्या पत्र्याची कड दिसायची, बाकी काही नाही. पण कान तिखट झाले होते. "चाळणीची डावी साखळी सैल पडलीय गं," आतून आवाज यायचा. किंवा, "कोण ते फावडं फरफटतंय?" मापाचे तीन ठोके ऐकू आले की खाटेची करकर थांबायची. काका मोजत असायचे. काकूंना सुरुवातीला याची गंमत वाटायची, नंतर धीर वाटायला लागला.

मग जागेचा मालक आला. बसलासुद्धा नाही. म्हणाला, गाड्या धुवायचं सेंटर काढणारी एक पार्टी सोमवारी आगाऊ रक्कम घेऊन येतेय. तुम्हाला जागा ठेवायची असेल तर त्याआधी वाढीव भाड्यावर वर्षाचा कागद करा. नाहीतर आपलं काही भांडण नाही. भांडण नाही म्हणणारी माणसं भांडणाऱ्यांपेक्षा वाईट, हे काकूंना त्या दिवशी कळलं. किरकोळ विक्रीवर ते भाडं निघणं शक्य नव्हतं. एकच वाट होती: नव्या वसाहतीतल्या बागांचा ठेका घेतलेला माणूस. त्याला वर्षभर, आठवड्याला पाचशे डबे हवे होते. तो गुरुवारी सकाळी माल बघायला आणि भाव ऐकायला येणार होता.

मंगळवारी दुपारी काकू वही घेऊन स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या राहिल्या. भाव सांगायचा तर आधी आपल्याला माल केवढ्याला पडतो ते कळायला हवं. काकांनी कधी लिहून ठेवलं नव्हतं. त्यांचं सगळं तोंडी. म्हणून काकूंनी दोन दिवस मागच्या भिंतीजवळ, मोकळ्या दगडावर, एक जुना डबा घेऊन स्वतः माप घेतलं होतं, शिस्तीत तीन ठोके देऊन. शंभर डबे कच्ची माती चाळली की चौसष्टच डबे हाती लागत होते. खताचं तर आणखी अवघड. शंभर डबे पाला-शेण घालावं तेव्हा चाळीस डबे खत. वाहतूक, चाळणीवरच्या दोघींची मजुरी, सगळं धरून दोन वाटे माती आणि एक वाटा खत असा डबा एकतीसच्या वर पडत होता. त्यात भाडं नाही, स्वतःची मेहनत नाही.

आणि फळ्यावर तीस.

काकूंनी तीनदा गणित केलं. तिन्ही वेळा तेच उत्तर. या हिशेबाने वखारीला कधीच कुलूप लागायला हवं होतं. मग घरात गॅस कशाने आला, मुलीचं बाळंतपण कशाने झालं, छपराचे पत्रे कशाने बदलले? नवऱ्याने कुणाकडून तरी उचल घेऊन हे चालवलं असणार आणि आपल्याला कळू दिलं नसणार, असंच त्यांना वाटलं. त्या वही घेऊन खोलीत गेल्या.

"अहो, हा डबा आपल्याला एकतीसला पडतो. तीसला विकून आपण जगलो कसे?"

काका चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"कागदावरचा हिशेब वेगळा, धंद्यातला वेगळा."

"तो धंद्यातला सांगा की मला. परवा मला बोलायचंय."

"पाय ठणकतोय," काका म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. तेहतीस वर्षांच्या संसारात या माणसाने काकूंकडे रागाने पाठ फिरवली होती, झोपेत फिरवली होती, पण अशी कधी फिरवली नव्हती. काकू दारात उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच त्यांना नवऱ्याची भीती वाटली. मारेल-बोलेल अशी नाही. हा काय सांगून बसेल, याची.

संध्याकाळी दीर आला. त्याचा टेम्पो होता, वखारीतला माल तोच पोचवायचा.

"वहिनी, नाक्यावर मशीनची चाळण घेऊन जो नवा बसलाय ना, त्याचा भाव अठ्ठावीस आहे. तुम्ही सत्तावीस सांगा आणि मोकळ्या व्हा."

"सत्तावीसला द्यायची तर माती मला माहेराहून आणावी लागेल, भाऊजी."

"आधी काम पदरात पाडून घ्या. पुढचं पुढे."

"पुढचं म्हणजे काय? पाचशे डबे दर आठवड्याला तोट्यात?"

"दादा तीसला देतच होता ना इतकी वर्षं? त्याला परवडलं, तुम्हाला नाही परवडत?" दीर खिडकीकडे बघून हसला. "काय दादा?"

खाट तेवढी करकरली.

गुरुवारी सकाळी काकूंनी फरशी झाडली. झाडू नेहमीसारखा गोणपाटाच्या कडेने फिरवला. तीन महिने त्या रोज त्याच्यावर डबा आपटत होत्या, पण ते उचलून झाडायचं कधी मनात आलं नव्हतं. मातीने ते जमिनीलाच चिकटल्यासारखं झालं होतं. आत काकांच्या पायाखाली उशी सारायला गेल्या तर काकांचा हात गार लागला.

"डबे भाऊ भरेल," काका म्हणाले. "तू नुसतं बोल."

"भाऊजी खेपेवर गेलेत."

"मग ठेकेदाराला उद्या बोलाव."

"तो आपला जावई नाही, बोलावलं की यायला."

काका म्हणाले, "गोणपाट जागेवर असू दे. बूड चेपतं."

"माहितीय."

"आणि ती खिडकी लावून घे. गार वारा येतोय."

बाहेर चटचटणारं ऊन होतं. काकूंनी खिडकी ओढली; पण तिची कडी वर्षापूर्वीच तुटली होती, आणि ती होती तशी परत उघडली.

ठेकेदार वेळेवर आला. शांत माणूस, खिशात घडीची पट्टी, तोंडात शब्द कमी. अशा माणसांशी बोलताना आपणच जास्त बोलतो, म्हणून काकूंनी ओठ घट्ट मिटून घेतले. त्याने मूठभर माती उचलली, दाबून लाडू केला आणि अंगठ्याने टोचला. लाडू फुटून मोकळा झाला. त्याने मान हलवली. काकूंनी खताच्या ढिगातली सळई काढून पुढे केली. त्याने ती मनगटाला लावली, मग काकूंच्या मनगटाकडे बघितलं आणि सळई परत दिली.

"माल चांगला आहे," तो म्हणाला. "आता एक डबा भरा."

काकूंनी डबा भरला. गोणपाटावर आपटला. धप्प, धप्प, धप्प. वर भर घातली, शीग लावली, हात झटकले. आतली खाट एकदम शांत होती.

ठेकेदार डब्याकडे बघत नव्हता. मान कलती करून तो ऐकत होता.

"पुन्हा आपटा."

धप्प, धप्प, धप्प. माती जागची हलली नाही. काकूंना जरा बरं वाटलं. बघ म्हणावं, किती घट्ट बसलीय.

"काकू, खालचं ते काढा बघू."

"बूड चेपतं हो डब्याचं."

"चेपू दे. चेपला तर नवीन डबा मी देतो."

काकूंनी वाकून गोणपाट ओढलं. ते हललं नाही. दोन्ही हातांनी उपटल्यासारखं काढलं तेव्हा सुटलं आणि त्याच्या वजनाने त्या चपापल्या. ते नुसतं गोणपाट नव्हतंच. त्याच्या पोटात काहीतरी जाड, लवलवीत होतं. कडेने दाभणाने घातलेले मोठे तिरपे टाके होते आणि एका जागी ते उसवून आतला पिवळा फोम बाहेर डोकावत होता, शेजारच्या गॅरेजमध्ये गाड्यांच्या सीटमधून निघतो तसला. ते टाके काकूंनी ओळखले. घरातली प्रत्येक गोणी, प्रत्येक ताडपत्री याच टाक्यांनी शिवलेली होती.

ठेकेदाराने तो भरलेला डबा स्वतः उचलला आणि उघड्या फरशीवर आपटला. ठण्ण. खिडकीची काच थरथरली. ठण्ण. ठण्ण. शीग नाहीशी झाली, माती काठाखाली गेली आणि आणखी खाली गेली. त्याने खिशातून पट्टी काढून आत धरली. पट्टीची गरज नव्हती. काकूंना उभ्या जागेवरून दिसत होतं: चांगली चार बोटं.

धरणीने पोटात घ्यावं असं होतं म्हणतात, ते काकूंना झालं. आणि त्याच क्षणी, नको असताना, परवाचं गणितही सुटलं. कुणाकडून उचल नव्हती, कर्ज नव्हतं. चार बोटांत घर चाललं होतं. गॅस, बाळंतपण, पत्रे, सगळं या चार बोटांतून आलं होतं. आणि गेले तीन महिने, आपण सचोटीने माप देतोय अशा ताठ मानेने, त्या स्वतः रोज गिऱ्हाइकांना चार बोटं हवा विकत होत्या.

"हे कधीपासून?" ठेकेदाराने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं.

मला माहीत नव्हतं, असं म्हणायला काकूंनी तोंड उघडलं. ते खरंच होतं. पण तेवढं बोललं की सगळं त्या खाटेवरच्या माणसावर जाऊन पडणार होतं, आणि त्याला उठून पुढे येताही येणार नव्हतं. मीच घातलं, असं म्हणावं तर सोमवारनंतर वखारही नाही आणि नावही नाही. काकू तशाच तोंड उघडं ठेवून उभ्या राहिल्या. चाळणीवरच्या दोघींनीही चाळण थांबवली होती.

"चार वर्षं झाली."

आवाज खिडकीतून आला. घोगरा होता, पण स्पष्ट.

"तिला यातलं काही ठाऊक नाही. मी शिवलं ते. मातीची ट्रॉली महाग झाली. भाव मागायला जीभ रेटेना माझी."

ठेकेदाराने खिडकीकडे पाहिलं. तिथे गजांपलीकडे छताखेरीज काही दिसत नव्हतं. तो बराच वेळ बघत राहिला. मग काकूंकडे वळला.

"मग आता भाव काय?"

सत्तावीस सांगा, असं दीर म्हणाला होता. तेहतीस सांगू, असं रात्रभर काकूंच्या मनात होतं. त्यात खर्च निघून थोडं सुटलं असतं, भाडं मात्र निघालं नसतं. पण आता खाली फोम नव्हता आणि लपवायलाही काही उरलं नव्हतं.

"अडतीस," काकू म्हणाल्या. "या फरशीवर तीन ठोके, वर शीग."

"नाक्यावर अठ्ठावीस आहे."

"आहे. त्याचा डबा असाच आपटून बघा."

"तुमचा आत्ताच आपटला की. कुठल्या तोंडाने अडतीस मागताय?"

"याच," काकू म्हणाल्या. "दुसरं नाही माझ्याकडे."

ठेकेदार हसला नाही. पट्टीची घडी घालून त्याने खिशात ठेवली. "मागच्या वर्षी स्वस्त माती घेतली होती. महिन्यात वाफे असे बसले की रोपांची मुळं उघडी पडली. पुन्हा सगळी भर घालावी लागली, ती माझ्या खिशातून." मग फाटकाशी जाऊन म्हणाला, "शनिवारी दुपारपर्यंत माझी ट्रॉली आली तर आली. नाही आली तर समजून घ्या."

तो गेल्यावर काकू खोलीत गेल्या नाहीत. मागे जाऊन त्यांनी तिसरा ढीग उलटायला घेतला, ज्याची उलटायची वेळ अजून आठवडाभर लांब होती. चाळणीवरच्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या. ऊन कलल्यावर चहा करून त्या आत गेल्या. एकच कप नेला. तो काकांच्या हातात दिला आणि स्वतः स्टुलावर बसल्या.

"बोला."

काका कपाकडे बघत बोलले. चार वर्षांपूर्वी त्यांनी खरंच फळा पुसून पस्तीस लिहिलं होतं. पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे गच्चीत कुंड्या लावणाऱ्या आजीबाई. दरवर्षी पाच डबे न्यायच्या. त्यांनी फळा वाचला. रुमालाची गाठ सोडून पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाल्या, बरं, मग यंदा चारच द्या.

"मला बघवेना," काका म्हणाले. "त्या गेल्या आणि मी फळा पुसला. परत तीस लिहिलं. आणि मग रात्री…"

"आणि मग पुढल्या वर्षी आजीबाई पाच डब्यांचे पैसे देऊन चार डबे माती घेऊन गेल्या," काकू म्हणाल्या. "पाच समजून."

"निदान पाच नेल्याचं समाधान तरी…"

"त्यांच्या कुंड्यांना विचारा समाधान."

काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला त्यांनी हात वर केला नाही. काकूंना त्यांची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्या ताडकन उठल्या. "लोकांना फसवलंत ते एक," त्या म्हणाल्या. "पण मी मागे चटके खात खत पिकवत होते आणि तुम्ही ते फोमवर आपटत होतात. माझ्यासमोर. रोज." भीड भिकेची बहीण, असं त्यांची सासू म्हणायची. तिच्या लेकाची भीड भिकेवरही थांबली नाही, चोरीपर्यंत गेली, हे तिला बघावं लागलं नाही तेच बरं, असं काकूंच्या मनात आलं. तोंडाने त्या एवढंच म्हणाल्या, "चहा प्या. गार होतोय."

शुक्रवारी सकाळी काकूंनी फळा ओल्या फडक्याने पुसला आणि अडतीस लिहिलं. आकडा जरा वाकडा आला. टाके उसवून त्यांनी फोम गॅरेजच्या कचऱ्यात टाकला, गोणपाट खताच्या ढिगावर घातलं. दीर आला तो फळा बघून फाटकातच थांबला.

"वहिनी, हे काय मांडलंय?"

"भाव मांडलाय. आणि भाऊजी, आजीबाईंकडे चार डबे पोचवा. पैसे घेऊ नका."

"कशाबद्दल म्हणून सांगू?"

"चार वर्षांच्या बसलेल्या मातीबद्दल."

दिवसभरात सहा गिऱ्हाइकं आली. चार फळा वाचून परत गेली. एकाने "एवढे?" असं विचारलं, आणि काकूंनी "हो" म्हटलं. एवढंच उत्तर असतं, हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी मनाशी मोजलं: विकले गेलेले डबे सात.

शनिवारी सकाळी जागामालकाचा माणूस टेप घेऊन आला आणि काही न बोलता फाटकाची रुंदी मोजायला लागला. गाडी सहज आत यायला हवी ना, म्हणाला. काकूंनी टेपचं दुसरं टोक धरलं, कारण तो एकटा होता आणि टेप सारखी सुटत होती. दहा वाजले, अकरा वाजले. एक ट्रॅक्टर कोपऱ्यावर वळल्याचा आवाज आला, काकू फाटकापर्यंत गेल्या. तो लाकडाच्या गिरणीत शिरला. बारा वाजता चाळणीवरची एक म्हणाली, "काकू, पुढची माती काढू की राहू दे?" काकूंनी रस्त्याकडे बघून घेतलं. आतून काकांनी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. एक वाजून गेला. काकूंनी मीठ घ्यायला बरणीतला तो चमचा काढला आणि किती घ्यायचं तेच विसरून तशाच उभ्या राहिल्या.

दोनला दहा मिनिटं असताना फाटकातून रिकामी ट्रॉली आत आली. ड्रायव्हरने खाली उडी मारली, खिशातून चिठ्ठी काढली.

"आज शंभर डबे. बाकीचे चारशे पुढच्या खेपांना. साहेबांनी सांगितलंय, मोजू नकोस, ऐक. डबा फरशीवर वाजला पाहिजे."

काकूंनी चमचा कमरेला खोचला आणि डबा ओढला. भरला, आपटला. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. भर, शीग, ट्रॉलीत. दुसरा. तिसरा. ठोके बरोबर पडत होते. चाळणीवरच्या दोघी कुणी न सांगता भरायला धावल्या. आत खाट करकरली आणि थांबली.

ड्रायव्हरने चिठ्ठी ट्रॉलीच्या कडेवर ठेवली, कानामागची पेन्सिल काढली.

"काकू, भाव काय लिहू?"

आकडा काकूंच्या ओठांवर होता. त्यांनी तो गिळला. डबा अर्धा भरलेला तसाच खाली ठेवला आणि खिडकीकडे बघत उभ्या राहिल्या. ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. तिथे नुसते गज.

"काकू?"

आत कुणीतरी खाकरलं. एकदा आवाज फुटल्यासारखा झाला आणि विरला. बाजूच्या गॅरेजमध्ये पाना खाली पडल्याचा आवाज आला. काकूंनी पदर घट्ट धरला होता. बोला हो, त्या मनातल्या मनात म्हणत होत्या, एकदा बोला.

"अडतीस," खिडकीतून आवाज आला. आणि मग जरा मोठ्याने, "अडतीस लिही."

ड्रायव्हरने लिहिलं. काकूंनी पुढचा डबा भरायला घेतला.